पाणी विचारत विचारत : लिशियन वेवरचे आमचे सतरा दिवस

"सू वार म?" म्हणजे पाणी आहे का. तुर्की भाषेतलं हे पहिलं वाक्य मी पाठ केलं, आणि परत येईपर्यंत सगळ्यात जास्त वेळा तेच तोंडात आलं. उत्तर दोनच प्रकारचं, "वार" म्हणजे आहे नाहीतर "योक" म्हणजे नाही, आणि योक ऐकलं की पुढच्या दोन तासांचं गणित बदलायचं.

लिशियन वे हे नाव मी पहिल्यांदा लेकीकडून ऐकलं. ती जर्मनीत शिकते, तिकडच्या मित्रमैत्रिणींबरोबर तिने तिथला थोडा भाग आधी चालला होता आणि तेव्हापासून ती माझ्या मागे लागली होती की आई तू सह्याद्रीत एवढे किल्ले केलेस, तुला हे बघायलाच हवं. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर फेतिये आणि अंताल्या या दोन शहरांच्या मधे समुद्रात घुसलेला डोंगराळ भाग आहे, तोच जुना लिशिया. त्या भागातल्या जुन्या पायवाटा, खेचरांच्या वाटा, रोमन रस्ते, धनगरांच्या वाटा एकमेकांना जोडून केट क्लो या तिथे राहणाऱ्या ब्रिटिश बाईंनी ही वाट आखली आणि १९९९ मधे ती खुली झाली. सुरुवातीला ५०९ किलोमीटर होती, नंतर ती वाढत गेली. तुर्कस्तानातली खुणा रंगवलेली ही पहिली लांब पल्ल्याची वाट. दगडावर लाल-पांढरे दोन पट्टे दिसले की बरोबर चाललोय आणि लाल फुली दिसली की इकडे जायचं नाही, एवढंच व्याकरण.

सगळी वाट करायची तर महिना लागतो, तेवढी सुट्टी दोघींनाही नव्हती. म्हणून सतरा दिवस काढले, पश्चिमेकडचा भाग सलग चालायचा, मधे जिथे नुसता डांबरी रस्ता आहे तिथे डोल्मुश पकडायची (डोल्मुश म्हणजे आपल्या वडाप जीपसारखी मिनीबस, हात दाखवला की थांबते) आणि शेवटी पूर्वेकडे चिरालीला जायचं. ऑक्टोबर ठरवला कारण उन्हाळ्यात तिथे चालणं म्हणजे वेडेपणा आहे, एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच दिवस चांगले. फक्त एक गोष्ट मला तेव्हा नीट कळली नव्हती, ती म्हणजे ऑक्टोबर हा कोरड्या उन्हाळ्याचा शेवट आहे. आपल्याकडे ऑक्टोबरात किल्ल्यावरची टाकी काठोकाठ असतात, तिथे त्या वेळी सगळं तळाला गेलेलं असतं, पाऊस त्यानंतर पडतो. डोक्यातलं ऋतुचक्र उलटं फिरवावं लागतं.

व्हिसाबद्दल थोडक्यात सांगते. लेकीकडे जर्मनीचं रेसिडन्स परमिट असल्यामुळे तिचा ई-व्हिसा घरबसल्या झाला, मला मात्र पासपोर्टवर चिकटवतात तो व्हिसा काढावा लागला, बँक स्टेटमेंट, तिकिटं, इन्शुरन्स, राहण्याची बुकिंगं सगळं जोडून. चालणाऱ्या माणसाला रोजचं बुकिंग आधी दाखवणं अवघड जातं तेव्हा हे काम दोन महिने आधी हातात घ्यावं. तयारी म्हणून दोन महिने दर शनिवारी आतकरवाडीतून सिंहगड चढले, पाठीवर नऊ किलोची सॅक घेऊन, त्यातले तीन किलो नुसतं पाणी. देवटाक्याशी पोचल्यावर ते ओतून द्यायचं आणि खाली यायचं. तेव्हा मला वाटायचं तीन लिटर जरा जास्तच होतंय.

मुंबईहून इस्तंबूल, तिथून दालामान, तिथून बसने फेतिये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओवाजिक. डांबरी रस्ता सोडून थोडं वर गेलं की वाटेची पाटी आहे आणि तिथून बाबादाआ डोंगराच्या कुशीतून आडवी चढत जाणारी जुनी खेचरवाट सुरू होते. खाली ओल्युदेनिझची निळी खाडी, डोक्यावर १९६९ मीटर उंचीच्या त्या शिखरावरून उडालेले पॅराग्लायडर्स. सगळं छानच होतं पण मला पहिल्या तासात दगडाने धक्का दिला. आपला कातळ काळा, पायाला ओळखीचा, कोरडा असला की बूट घट्ट धरतो. हा चुनखडीचा, पांढरा करडा, पावसाच्या पाण्याने खाऊन त्याला धारा आणि भोकं पडलेली, काही ठिकाणी सुरीसारखा, आणि जिथे शेकडो वर्षं खेचरं चाललीत तिथे काचेसारखा गुळगुळीत. काठ्या आणल्या होत्या म्हणून गुडघे वाचले.

पाण्याचं कोडंही याच दगडात आहे. बेसॉल्टमधे टाकं खोदलं की पाणी राहतं. चुनखडी पाणी पिऊन टाकते, पडलेला पाऊस भेगांतून खोल निघून जातो आणि पार खाली समुद्रकाठी झरे होऊन बाहेर येतो, म्हणून एवढे मोठे डोंगर असूनही वर ओढे नाहीत. मग तिथल्या लोकांनी काय केलं तर जमिनीत गोल खड्डा, आतून चुन्याचा गिलावा आणि वरून दगडी घुमट, घुमटाला एक छोटं दार. याला सार्निच म्हणतात. दुरून एखाद्या पीराच्या छोट्या दर्ग्यासारखं दिसतं. पहिलं सार्निच दिसलं तेव्हा मी आत वाकून बघितलं, थंडगार वास आला अगदी आपल्या गडांवरच्या टाक्यांसारखा, पण पाणी वीतभर आणि त्यात एक पानांचा थर. गाळून, गोळी टाकून, अर्धा तास ठेवून प्यायलो. पुढे सवय झाली, दोरीला बाटली बांधून सोडायची आणि काठाला आपटू न देता ओढायची, हे लहानपणी विहिरीवर केलेलं काम होतं ते हाताला लगेच आठवलं.

फाराल्या, काबाक, आलिन्जा हे पहिले तीन मुक्काम. फाराल्या फुलपाखरांच्या दरीच्या अगदी माथ्यावर आहे, तीनशे-साडेतीनशे मीटरचा सरळ कडा आणि खाली वाळूची छोटी चंद्रकोर. खाली उतरायला दोर लावलेली वाट आहे पण तिथे अपघात झालेले आहेत, आम्ही उतरलो नाही, आणि पाठीवर सॅक असताना कुणी उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुक्काम पान्सियोनमधे, म्हणजे गावातल्या घरातच खोल्या, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून पैसे. मी शाकाहारी, "एतसिझ" म्हणजे बिनमांसाचं हा शब्द लेकीने शिकवला होता, त्यावर भाजीचं काहीतरी, मसूरडाळीचं सूप, दही, ऑलिव्ह, टोमॅटो, ताजा ब्रेड एवढं हमखास मिळायचं. आणि ग्योझलेमे, पातळ पोळी लाटून आत पालक-चीज घालून उलट्या तव्यावर भाजतात. लाटणारी आजी बैठक मारून, पायजम्यासारखी ढगळ फुलाफुलांची सलवार, डोक्याला रुमाल, समोर बुटका गोल पाट आणि हातात काठीसारखं बारीक लांब लाटणं. मी शेजारी बसून एक लाटून दाखवली. तिला हसू आवरेना, "हिंदिस्तान, हिंदिस्तान" करत तिने सुनेला हाक मारली.

भाषा येत नाही असं म्हणताना अर्धे शब्द घरचे निघतात. दुकान म्हणजे दुक्कान, साबण म्हणजे साबुन, मैदान मेयदान, चहा चाय, पनीर पेयनिर. बिल मागायचं तर "हेसाप". आणि पाहुण्याला म्हणतात मिसाफिर. आपल्याकडे मुसाफिर म्हणजे वाटसरू, त्यांच्याकडे तोच शब्द घरी आलेल्या पाहुण्याला, आणि खरंच वाटेवरून जाणाऱ्याला ते तसंच वागवतात, ऑक्टोबरात डाळिंबं पिकलेली असतात, कुंपणावरून हात पुढे करून दोन-तीन हातात ठेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत.

आलिन्जाच्या पुढे आम्ही चुकलो. आलिन्जा समुद्राच्या खूप वर, कड्यावर बसलेलं गाव, तिथून पुढे सात भूशिरं एकामागे एक समुद्रात शिरलेली दिसतात. सकाळी निघालो, पाइनच्या जंगलात गप्पा मारत चाललो होतो आणि कधीतरी लक्षात आलं की बऱ्याच वेळात लाल-पांढरं काही दिसलं नाहीये. वाट तर होती, चांगली मळलेली होती, पण ती बकऱ्यांची. सह्याद्रीत ढोरवाटा फसवतात तशाच तिथे बकऱ्यांच्या वाटा फसवतात, फरक एवढाच की बकरी कुठूनही जाते. लेक म्हणाली पुढे खाली जाऊन बघू, मी नाही म्हटलं. शेवटची खूण जिथे बघितली तिथपर्यंत मागे जायचं, हा नियम मी तिला ती दहा वर्षांची असताना राजगडला सांगितला होता. चाळीस मिनिटं मागे चढलो. खूण एका पडलेल्या झाडाखाली झाकली गेली होती. या सगळ्यात दीड लिटर पाणी संपलं, आणि पुढचं सार्निच कोरडं.

गेय गावाच्या अलीकडे एक म्हातारे धनगर बकऱ्या घेऊन बसले होते, मी "सू वार म" विचारलं. त्यांनी उत्तर न देता उठून आम्हाला वाटेपासून जरा बाजूला नेलं, तिथे दगडी भिंतीत एक नळ आणि खाली डोण, वर संगमरवराची पाटी. अशा नळांना चेश्मे म्हणतात. पाटीवर एका बाईंचं नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि वर एक शब्द, हायरात. तो शब्द मी मोठ्याने वाचला आणि थांबले, कारण तो आपला खैरात आहे. मराठीत आपण त्याला उधळपट्टीच्या अर्थाने वापरून वापरून झिजवून टाकलं, तिथे त्याचा मूळ अर्थ शाबूत आहे, पुण्यासाठी केलेलं दान, बऱ्याचदा गेलेल्या माणसाच्या नावाने. आमच्या गावात माझ्या वडिलांनी आजीच्या नावाने एसटी स्टँडजवळ पाणपोई बांधली होती, दोन माठ आणि साखळीने बांधलेलं ओगराळं, त्यावर आजीचं नाव निळ्या रंगात. लेकीने ती बघितलेली नाही, रस्ता रुंद करताना गेली. तिथे डोणीच्या कडेवर बसून मी तिला सगळं सांगितलं. धनगरबाबा शांतपणे ऐकत होते, एक अक्षर कळत नसताना.

बेल, मग खडा उतार, गावुराली आणि पुन्हा समुद्र. सहाव्या दिवशी माझ्या डाव्या पायाचा अंगठा निळा पडला होता, उतारावर बूट पुढे सरकतो म्हणून. बुटाची नाडी उतरताना वेगळी, वरच्या बाजूला घट्ट बांधायची असते हे एवढ्या वर्षांत मी कधी मनावर घेतलं नव्हतं. पिद्नाय हा छोटा किल्ला तिथेच, वेड्यावाकड्या कोनांचे दगड एकमेकांत अचूक बसवून रचलेली तटबंदी, चुना नाही काही नाही, आत झुडपं. तटावर चढून बसलं की समोर एशेन नदीचा सपाट प्रदेश आणि त्यात नजर जाईल तिथवर प्लॅस्टिकची ग्रीनहाउसेस, सगळे टोमॅटो. या टप्प्याबद्दल चालणारे लोक कुरकुर करतात, मलाही तो दिवस कंटाळवाणा गेला. पण लेतून त्याच दिवशी येतं.

लेतून हे पूर्ण लिशियाचं देवस्थान होतं. लेतो ही ग्रीक पुराणातली देवी, अपोलो आणि आर्तेमिस या जुळ्या देवांची आई. बाळंतपणानंतर ती तहानलेली तळ्यावर आली, तिथल्या गावकऱ्यांनी तिला पाणी पिऊ दिलं नाही, उलट पाणी गढूळ केलं, तेव्हा तिने त्यांना बेडूक करून टाकलं अशी गोष्ट. तिथे तीन देवळांचे पाये शेजारी शेजारी आहेत आणि आज भूजल वर आल्यामुळे अवशेषांचा बराच भाग पाण्यात उभा आहे, खांबांचे तुकडे पाण्यात, त्यावर कासवं ऊन खात बसलेली, आणि बेडूक खरोखरच ओरडत होते. तहानलेल्या बाईला पाणी नाकारल्याची गोष्ट सहा दिवस पाण्याचे हिशोब करत चालून आल्यावर वाचली की ती पुराणातली राहत नाही. १९७३ मधे इथेच लिशियन, ग्रीक आणि अरामेइक अशा तीन भाषांतला शिलालेख सापडला, त्यामुळे लिशियन भाषा वाचायला मोठी मदत झाली. मूळ शिला फेतियेच्या म्युझियममधे आहे, आम्ही पहिल्या दिवशी बघून ठेवली होती.

झँथोस नदीपलीकडे चार किलोमीटरवर, लेतून आणि झँथोस मिळून १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. झँथोस ही लिशियाची राजधानी. इसवीसनपूर्व ५४० च्या सुमाराला पर्शियन सेनापती हार्पागस चालून आला तेव्हा इथल्या लोकांनी बायका, मुलं, संपत्ती, नोकरचाकर सगळं गडावर गोळा करून आग लावली आणि पुरुष शेवटच्या लढाईला बाहेर पडले, असं हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. पुढे इसवीसनपूर्व ४२ मधे रोमन सेनानी ब्रूटसच्या वेढ्यात पुन्हा तेच. थिएटरच्या शेजारी दोन उंच थडगी उभी आहेत. एक हार्पी थडगं, खाली अखंड दगडाचा खांब आणि वर नक्षीची पेटी. ती नक्षी नक्कल आहे, खरी लंडनला. चार्ल्स फेलोज हा इंग्रज १८३८ मधे इथे पोचला आणि काही वर्षांत इथलं सगळ्यात सुंदर शिल्पकाम, नेरीड स्मारक हे देवळासारखं आख्खं थडगंसुद्धा, बोटीत घालून ब्रिटिश म्युझियमला गेलं. नेरीड स्मारकाचा मोकळा चौथरा बघून मला फार वाईट वाटलं. अमरावतीच्या स्तूपाचे दगड त्याच म्युझियममधे आहेत, ते मी काही वर्षांपूर्वी बघितले होते आणि कौतुक करत फिरले होते. दगड जिथून उचलले ती जागा बघणं हे वेगळं आहे.

आता दोन गोष्टींवर जरा थांबते कारण यांच्यासाठी मी परत जाईन.

पहिली देलिककेमेर. आकबेलहून पाताराकडे जाताना वाट जुन्या रोमन पाणीपुरवठ्याच्या कडेकडेने जाते. डोंगरातला झरा पकडून पातारा शहरापर्यंत पाणी नेलेलं, बहुतेक ठिकाणी हलक्या उताराचा दगडी पाट. पण मधे एक खिंड येते, तिथे पाट खाली उतरवला तर परत वर कसा जाणार? तर त्यांनी तिथे मोठाले चौकोनी दगड घेतले, प्रत्येकाच्या मधोमध आरपार गोल भोक, एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खोबण, एकात एक बसवून दगडाचा पाइप केला आणि तो भक्कम भिंतीवरून खिंडीपार नेला. एका बाजूने पाणी खाली येतं आणि दाबाने दुसऱ्या बाजूला आपोआप वर चढतं. देलिक म्हणजे भोक, केमेर म्हणजे कमान. भूकंपात मोडल्यावर व्हेस्पेशियन सम्राटाच्या काळात दुरुस्त केल्याचा लेख भिंतीवर आहे. आज ती भिंत जंगलात आहे, तिकीट नाही, कुंपण नाही, लाल-पांढरे पट्टे थेट तिथेच नेतात. काही दगड खाली गडगडलेले आहेत, मी एकात हात घातला, खांद्यापर्यंत गेला. आतून चुनखडीचा थर जमलेला, आपल्या घरच्या गीझरमधे जमतो तसा पण दगडासारखा घट्ट. पाणी इतकी वर्षं वाहिल्याची ती खूण. लेक इंजिनिअर आहे, ती तासभर तिथून हलली नाही, मीही घाई केली नाही.

ते पाणी ज्या पातारासाठी होतं ते पातारा बंदर आता वाळूत आणि दलदलीत आहे. एशेन नदीने गाळ आणून आणून बंदर भरलं, बाहेर अठरा किलोमीटरचा वाळूचा किनारा झाला जिथे समुद्री कासवं अंडी घालतात, आणि नीरोच्या काळातलं दीपगृह समुद्रापासून आत राहिलं. पातारात लिशियाच्या संघाचं सभागृह आहे, अर्धगोल दगडी पायऱ्या, आता नीट उभं केलंय. तेवीस शहरांचा संघ, मोठ्या शहरांना तीन मतं, मधल्यांना दोन, लहानांना एक, आणि कर त्याच प्रमाणात. स्ट्राबो या ग्रीक भूगोलकाराने हे लिहून ठेवलं, पुढे माँतेस्क्यु या फ्रेंच विचारवंताने याच संघाचं कौतुक केलं. आम्ही त्या पायऱ्यांवर बसून डाळिंब सोलून खाल्लं. आणखी कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट बेझिर्गान. काल्कानच्या समुद्रकाठून जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेने खूप वर चढून गेलं की डोंगरात अचानक सपाट खोरं लागतं. काठाला रांगेने जुनी लाकडी धान्याची कोठारं, आंबार म्हणतात त्यांना (आपलं अंबारखाना हेच). दगडांवर उचललेली, तुळया कोपऱ्यात एकमेकींत अडकवलेल्या, टोकं बाहेर आलेली. तोपर्यंत मी आठ-दहा दिवस कड्यात कोरलेली लिशियन थडगी बघत होते, घराच्या दर्शनी भागासारखी, दगडात कोरलेल्या तुळया, त्यांची बाहेर आलेली टोकं, चौकटी, सगळं लाकडाचं काम पण दगडात. बेझिर्गानमधे ते लाकडाचं समोर उभं होतं! मला एकदम भाजे आठवलं. भाज्याच्या चैत्यात खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, कारण लाकडी बांधणीत ते तसे असायचे. कार्ल्याला तर छताच्या लाकडी कमानी आजही आहेत, दोन हजार वर्षांच्या. माझं म्हणणं असं नाही की यांनी त्यांच्याकडून घेतलं. पण दोन्हीकडे माणूस जेव्हा पहिल्यांदा कायमचं काही करायला दगडाकडे वळला तेव्हा त्याच्या हाताला सुताराचीच सवय होती, हे त्या दिवशी मला डोळ्यांनी दिसलं. तिथे एक सुतार पुरुषभर लांबीची तुळई कापत होता, शेजारी कोंबड्या फिरत होत्या, आणि मी पंधरा मिनिटं नुसतं जोड कसा घातलाय ते बघत उभी होते.

सारिबेलेनपर्यंत चालून तिथून मिळेल त्या गाडीने काशला गेलो आणि एक दिवस पाय पाण्यात सोडून बसलो. काशमधे गावातल्या चढाच्या बाजाररस्त्यावरच लिशियन शवपेटी उभी आहे, उलट्या नावेसारखं झाकण, त्यावर सिंहाची तोंडं, आणि लोक शेजारून पिशव्या घेऊन जातायत. अशा पेट्यांवर बऱ्याचदा लेख असतात की माझ्यानंतर यात दुसऱ्या कुणाला ठेवलं तर इतका इतका दंड भरावा लागेल. काशच्या गावातल्या छोट्या किनाऱ्यावर पोहायला उतरलात तर पाणी अंग शहारेल इतकं गार लागतं, कारण डोंगराने प्यायलेलं गोड पाणी तिथे समुद्रात बाहेर पडतं. मी तोंडात घेऊन बघितलं, खरंच निम्मंच खारट होतं.

शेवटचा टप्पा आपेर्लाय ते देम्रे. आपेर्लायला गाडीरस्ता नाही, वरच्या किलिंचली गावातून अपोलोनियाचे अवशेष बघत तीन-चार तास उतरत जायचं. इथे पाण्याचं खरं दुर्भिक्ष आहे, आम्ही प्रत्येकी चार लिटर घेऊन निघालो आणि पोचलो तेव्हा अर्धी बाटली उरली होती. खाली खाडीत जुनं शहर, अर्धं जमिनीवर अर्धं पाण्याखाली. हे गाव जांभळ्या रंगावर जगायचं. म्युरेक्स नावाच्या शंखातल्या गोगलगायीपासून तो राजवस्त्रांचा रंग काढायचे, आणि एकेका कापडाला हजारो शंख लागायचे, त्यांचे ढीग अजून तिथे आहेत, पायाखाली शंख चुरचुरतात. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की खाली भिंतींच्या रेषा दिसतात. त्या रात्री तिथल्या एकमेव मुक्कामाच्या घरात सौरदिव्यावर जेवलो, बाहेर एकही दिवा नव्हता.

दुसऱ्या दिवशी लाल मातीच्या चिंचोळ्या पट्टीवरून उचाझ आणि तिथून कालेक्योय म्हणजे जुनं सिमेना. इथेही गाडी येत नाही. माथ्यावर किल्ला, किल्ल्यात कातळात कोरलेलं सात रांगांचं इवलंसं थिएटर, आणि खाली पाण्यात एक शवपेटी एकटी उभी. समोरच्या केकोवा बेटाच्या काठाला भूकंपात खचलेल्या गावाचे जिने पाण्यात उतरताना दिसतात, तिथे पोहायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. तिथून किनाऱ्याने चालत देम्रेजवळचं आंद्रियाके बंदर, रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेलं भलंमोठं धान्यकोठार आता लिशियन संस्कृतीचं म्युझियम आहे, त्याच्यासमोर चौकाखाली जुनं सार्वजनिक टाकं. मी तोपर्यंत म्युझियममधे गेल्यावरही आधी टाकं कुठे आहे ते शोधत होते.

चिरालीला बसने गेलो. संध्याकाळी यानार्ताशला टॉर्च घेऊन चढलो, उघड्या खडकाच्या भेगांतून नैसर्गिक वायूच्या ज्वाळा येतात, हजारो वर्षं. आपल्याकडे हिमाचलातल्या ज्वालामुखी गावी अशाच ज्वाळांची देवी झाली, इथे तोंडातून आग काढणारा कायमेरा राक्षस. सकाळी ऑलिम्पोसचे अवशेष, ओढ्याच्या दोन्ही काठांना, झाडीत बुडालेले. ओढा वाहता होता. ओढ्याच्या मुखाशी यूदेमोस नावाच्या कप्तानाची शवपेटी आहे, तिच्यावर शीड नसलेली नाव कोरलीय आणि खाली कवितेच्या ओळी, की नाव शेवटच्या बंदरात शिरून थांबली, आता वाऱ्याकडून किंवा उजेडाकडून काही आशा नाही. लेकीने फोनवर अर्थ शोधून मला वाचून दाखवला, मग दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

परत येताना गावाच्या वेशीवर एक चेश्मे लागला. आमच्या दोन्ही बाटल्या निम्म्या भरलेल्या होत्या, गरज नव्हती, दोन तासांत बस होती. लेक सॅक उतरवून गेली, बाटल्या रिकाम्या केल्या, नळाखाली धरल्या, आणि भरेपर्यंत पाटीवरचं नाव अडखळत अडखळत मोठ्याने वाचलं. मग मला म्हणाली, "आई, पणजीचं पूर्ण नाव काय होतं गं?"